जुन्या गाडीचे इंजिन माउंट: नेमकं कोणतं गेलंय हे कसं ओळखायचं, आणि बदलताना काय सांभाळायचं?

तिसरा_गिअर

गाडी १२ वर्षांची, १ लाख ४० हजार किमी झालेली. पेट्रोल, चार सिलिंडर, पुढच्या चाकांना ड्राइव्ह, इंजिन आडवं बसवलेलं, मॅन्युअल गिअरबॉक्स.

स्लोवर (रेस न देता इंजिन चालू) उभी असताना स्टिअरिंग आणि सीट थरथरते. एसी लावला की जास्तच. १,२०० आरपीएमच्या (मिनिटाला फेरे) वर रेस दिली की थरथर गायब. दुसरं, क्लच सोडताना पायाखाली एक ‘ठक्’ येतो. रिव्हर्समधून पहिल्यात टाकून निघालं की हमखास. तिसरं, चावी बंद केली की इंजिन थांबताना शेवटचा एक मोठा हिसका बसतो.

मेकॅनिकचं म्हणणं, तिन्ही फाउंडेशन (इंजिन बॉडीवर टेकवणारी रबरी माउंट) बसली आहेत, सगळी बदला. बॉनेट उघडून पाहिलं तर उजवीकडचं माउंट तेलकट दिसतं, बाकीच्यांबद्दल काही कळत नाही. खरंच तिन्ही गेली आहेत का, हे घरी कसं तपासायचं? दोन जॅक, दोन घोड्या (उचललेली गाडी टेकवायचे स्टँड), गोटी पान्यांचा सेट आणि टॉर्क पाना आहे. एवढ्यात काम होईल का?

---

गोटीपाना

माउंटचा खर्च करण्याआधी एक गोष्ट पक्की करा. माउंट कंप निर्माण करत नाही, फक्त अडवतं. त्यामुळे कंप मुळातच जास्त तयार होतोय की नेहमीइतकाच कंप अडवला जात नाहीये, हे आधी वेगळं करायला हवं. इंजिन मिसिंग मारत असेल, म्हणजे एखादं सिलिंडर पेटत नसेल, तर नवंकोरं माउंट बसवूनही सीट हलणारच.

चार सिलिंडरचं इंजिन एका फेऱ्यात दोनदा पेटतं. ७५० आरपीएमला सेकंदाला साडेबारा फेरे, म्हणजे सेकंदाला २५ ठोके. माउंट गेलं की जाणवते ती हीच थरथर: बारीक, एकसारखी, गुणगुणल्यासारखी. एक सिलिंडर मरतं तेव्हा तो चुकलेला ठोका दोन फेऱ्यांतून एकदा येतो, सेकंदाला साधारण सहा वेळा. हा कंप संथ असतो, गाडी लडखडल्यासारखी वाटते, आणि सायलेन्सरच्या तोंडाशी हात धरला तर मध्येच ‘फुस्’ अशी खोट लागते. हाताला एकदा फरक कळला की पुन्हा चूक होत नाही.

मग स्लो आरपीएम बघा. टॅकोमीटरवर विसंबू नका, जमलं तर स्कॅनर लावा. या जातीच्या इंजिनांत गरम झाल्यावर साधारण ७०० ते ८५० असायला हवं, आणि एसी लागल्यावर ते किंचित वाढायला हवं, निदान पडायला तरी नको. एसीचा कंप्रेसर घेताक्षणी ६०० पर्यंत घसरत असेल तर थ्रॉटल बॉडी (इंजिनात हवा सोडणारी झडप) काजळलेली आहे किंवा कुठेतरी हवा चोरते आहे. ती साफ करा, प्लग बघा, मग माउंटकडे या.

थरथर गाडीच्या वेगाबरोबर बदलत असेल, म्हणजे ८० ला येते आणि क्लच दाबून न्यूट्रलला सोडली तरी जात नाही, तर तो चाकं, टायर किंवा ड्राइव्हशाफ्टचा विषय. तुमच्या वर्णनात तसं काही दिसत नाही.

बंद करतानाचा हिसका मात्र बोलका आहे. इंजिन आणि रबर मिळून जी झोळी तयार होते, तिची स्वतःची डोलण्याची गती स्लोच्या ठोक्यांपेक्षा बरीच खाली ठेवलेली असते. इंजिन थांबताना फेरे त्या गतीतून उतरतात. रबर किंवा आतलं द्रव धड असेल तर ते डोलणं तिथेच जिरतं. नसेल तर हिसका बसतो.

---

रबर_बुश

वरचं सगळं बरोबर. आता एकेक माउंट कसं तपासायचं ते सांगतो.

तुमच्या रचनेत बहुधा तीन असतील: उजवीकडे बेल्टच्या बाजूचं, डावीकडे गिअरबॉक्सवरचं, आणि खाली मागे टॉर्क रॉड, ज्याला हाडाच्या आकारामुळे डॉगबोनही म्हणतात. वजन पहिली दोन पेलतात. रॉड वजन घेत नाही, तो इंजिनाला पुढेमागे कलंडू देत नाही. म्हणून स्लोवरची थरथर आली की उजवीकडे बघायचं, आणि निघताना किंवा पाय उचलताना ‘ठक्’ आला की खाली रॉडकडे. हा नियम शंभर टक्के नसला तरी सुरुवातीला पुरतो.

डोळ्यांनी. टॉर्च घ्या, इंजिन थंड आणि बंद. रबराच्या वरच्या कातडीवर बारीक भेगा असणं वयाला साजेसं आहे, त्यावरून माउंट काढू नका. रबर लोखंडापासून सुटलंय का, भेगेत नख जातं का, हे महत्त्वाचं. माउंटच्या मधल्या ठोकळ्याभोवती जी फट असते ती चारी बाजूंनी बघा. ठोकळा एका अंगाला टेकला असेल आणि तिथे लोखंड घासून चकाकत असेल तर माउंट बसलं आहे.

हाफ क्लच. मोकळी सपाट जागा, मागच्या चाकांना पुढून-मागून लाकडी ठोकळे, हँडब्रेक पूर्ण ओढलेला. एक जण आत, ब्रेकवर घट्ट पाय. पहिला गिअर टाकून क्लच हळू सोडायचा आणि आरपीएम थोडा पडला की लगेच दाबायचा. रेस द्यायची गरज नाही. दुसऱ्याने बाजूला उभं राहून इंजिनावर नजर ठेवायची. गाडीच्या पुढे किंवा मागे कोणीही उभं राहायचं नाही. मग हेच रिव्हर्समध्ये. इंजिन एखादा सेंटीमीटर कलणं साहजिक आहे. अडीच सेंटीमीटरच्या आसपास उसळलं आणि वर ठोका ऐकू आला, तर रॉडचं बुश (टोकातलं रबर) फाटलेलं असण्याची शक्यता दाट. ऑटोमॅटिक गाडीत हीच चाचणी डी आणि आरमध्ये करतात, पण तिथे रेस दोन-तीन सेकंदांपेक्षा जास्त धरू नका, टॉर्क कन्व्हर्टरमधलं तेल तापतं.

टॉमी. गाडी घोड्यांवर, इंजिन बंद. रॉडच्या मोठ्या डोळ्याजवळ (टोकाच्या भोकाजवळ) टॉमी, म्हणजे लांब लोखंडी पहार, अडकवून हलकी उचक द्या. रबर ताणलं जाईल, पण लगेच परत यायला हवं. डोळ्यातली नळी सैलपणे खुळखुळली तर रॉड गेला.

जॅक. चेंबरखाली (इंजिनाच्या तळाशी असलेल्या तेलाच्या भांड्याखाली) लाकडी फळी ठेवून इंजिन फक्त १० ते १५ मिमी उचला आणि वजन पेलणाऱ्या दोन्ही माउंटकडे बघा. वजनाने दबलेली चीर मिटलेली असते, वर घेतलं की तोंड उघडते. नुसत्या बघण्यात सुटणारी माउंट इथे सापडतात.

उजवं तेलकट आहे म्हणालात. ते तेल कुठलं हे शोधणं फार गरजेचं आहे. या जागी बऱ्याच गाड्यांत हायड्रॉलिक माउंट असतं: आत दोन कप्पे, मध्ये वळणदार अरुंद वाट, आणि ग्लायकोलचं द्रव. कंपाने द्रव त्या वाटेतून येजा करतं आणि डोलणं जिरवतं. पडदा फाटला की द्रव गळून जातं आणि उरलेलं रबर एकटं वजन घेऊन बसतं. पण वरच्या टॅपेट कव्हरच्या (इंजिनाच्या माथ्यावरच्या झाकणाच्या) गॅस्केटमधून इंजिन ऑइलही नेमकं याच जागी झिरपतं. ओळखायचं असं: ओला थेंब बोटाने उचलून वाटीभर पाण्यात सोडा. इंजिन ऑइल वर तरंगतं आणि इंद्रधनुष्यी तवंग धरतं. ग्लायकोल पाण्यात विरून जातं.

---

तिसरा_गिअर

सगळं करून पाहिलं. स्लो ७८०, एसीवर ८३०. मिसिंग नाही.

उजवं: ठोकळ्याखालची फट पुढच्या बाजूला १२ मिमी, मागे जेमतेम ३. वरून टिपलेला थेंब पाण्यावर तरंगला. माउंटच्या खालच्या कडेला काळपट ओघळ आहे, त्यातला पाण्यात विरला. म्हणजे दोन्ही?

रॉड: टॉमीने मोठ्या डोळ्यातली नळी सहज १५ मिमी हलते, रबराची एक बाजू तुटून लोंबते आहे. डावं: वर बारीक भेगा, पण इंजिन १५ मिमी उचलूनही काही उघडलं नाही. कोरडं आहे.

---

गोटीपाना

हो, दोन्ही. आधी टॅपेट कव्हरचं गॅस्केट बदला. माउंटचं रबर नैसर्गिक रबर असतं. खनिज तेलात ते फुगतं, मऊ पडतं आणि भराभर फाटतं. गळती तशीच ठेवून नवं माउंट लावलं तर तेही त्याच वाटेने जाईल.

उजवं माउंट आणि टॉर्क रॉड बदला. डावं राहू द्या, माझ्या मते ते चांगलं आहे.

---

आटे_आणि_नट

डाव्याबद्दल थोडा मतभेद आहे. तिन्ही १२ वर्षांची आहेत. उजवं बसल्यामुळे इंजिन एका अंगाला झुकलेलं आणि डावं इतके दिवस पिळलेलं. उजवं नवं झालं की उंची बदलेल आणि त्या कडक झालेल्या रबराला आता वेगळ्या कोनात काम करावं लागेल. बॅटरी आणि तिचा ट्रे काढायचा कंटाळा नसेल तर एकाच खेपेत उरकलेलं बरं.

---

गोटीपाना

कडकपणाचा मुद्दा खरा आहे. पण गिअरबॉक्सकडचं माउंट साधं रबरी असतं, द्रव नाही, आणि उचलून पाहिल्यावर ते उघडलेलं नाही. आधी दोन बदलून गाडी चालवा. स्लोवर थोडी थरथर उरली तर तिसरं. रॉड आणि उजवं मात्र एकाच दिवशी करा, वेगवेगळं नको. फाटक्या रॉडबरोबर नवं हायड्रॉलिक माउंट चालवलं तर इंजिनाचं सगळं कलंडणं त्याच्या नव्या पडद्यावर येतं.

---

आटे_आणि_नट

मान्य. आता काम. तुमच्याकडचं सामान पुरेसं आहे, फक्त वायर ब्रश, गंज सोडवणारा स्प्रे, पांढरा पेंट मार्कर आणि ३० ते ४० मिमी जाडीची, वीतभर लांबरुंद फळी जमवा. स्प्रे आदल्या रात्री बोल्टांवर मारून ठेवा. रॉडचे बोल्ट चिखलात राहून गंजलेले असतात.

सुटे भाग घेताना जुन्या माउंटवरचा पार्ट नंबर वाचा, नुसत्या मॉडेलच्या नावावर जाऊ नका. एकाच मॉडेलमध्ये पेट्रोल, डिझेल, एसीवाली, बिनएसीवाली यांचं रबर वेगवेगळं असू शकतं. बाहेरून हुबेहूब पण आत द्रव नसलेली, निव्वळ रबरी माउंटही मिळतात. ती लावून ‘नवं टाकूनही थरथरतं’ अशी तक्रार घेऊन बरेच जण येतात. पॉलियुरेथेनच्या बुशचा मोहही टाळा. ते टिकाऊ असलं तरी कारखान्याच्या रबरापेक्षा पुष्कळ कडक असतं, आणि इथे तक्रारच थरथरीची आहे. जुन्या माउंटमध्ये सिलिकॉन सीलंट भरून घेण्याचा उपायही कुणी सुचवेल. तो करू नका. द्रवाची वाट बंद होते आणि उरतो एक ठोकळा.

इंजिन थंड हवं. बॅटरीची निगेटिव्ह काढा. पुढचा भाग उचलून गाडी घोड्यांवर घ्या, मागच्या चाकांना ठोकळे. घोड्या बॉडीच्या ठरलेल्या जागी, आणि दुसरा जॅक फक्त इंजिनासाठी. घोड्या गाडीसाठी, जॅक इंजिनासाठी, यात अदलाबदल नको. इंजिन जॅकवर असताना त्याच्याखाली हात-डोकं घालायचं नाही.

उजव्या बाजूला कूलंटची बाटली आडवी येते. तिचे पाइप न काढता, नुसती सोडवून बाजूला बांधा. जुन्या माउंटच्या कडेने बॉडीवर मार्करने रेघ मारून घ्या आणि दोन-तीन फोटो काढा. पायांच्या भोकांत थोडा खेळ असतो, ही रेघ पुढे कामी येते.

चेंबरखाली फळी, तिच्याखाली जॅक. फळी ड्रेन बोल्टवर येऊ देऊ नका. चेंबर पातळ पत्र्याचं असेल तर मध्यभागी नको, कडेला, घट्ट भागाशी. पत्रा आत चेपला तर ऑइल पंपाच्या गाळणीवर टेकतो आणि मग तेल कमी खेचलं जातं. जॅक हळू चढवा. माउंटचा बोल्ट हाताने किंचित फिरायला लागला की थांबा. वजन निघालं, पण ताण आला नाही, असा तो क्षण. त्यापुढे चढवलं तर दुसऱ्या बाजूचं माउंट आणि सायलेन्सरचा लवचीक पाइप ताणला जातो.

आता बोल्ट सोडा, आधी इंजिनाकडचे, मग बॉडीकडचे. जुनं उचलून काढा. ब्रॅकेटचा चेहरा आणि आटे वायर ब्रशने साफ करा. गंजाचा एक पापुद्राही मध्ये राहिला तर माउंट तिरकं बसतं. नवं ठेवा आणि सगळे बोल्ट हाताने पाच-सहा आटे जाईपर्यंत लावा, पाना नंतर. ब्रॅकेट अॅल्युमिनियमची असते, तिरका गेलेला बोल्ट आटे खातो. इम्पॅक्ट गनने तर मुळीच लावू नका. एखादा बोल्ट हाताने जात नसेल तर जॅक पाच मिमी वर किंवा खाली घ्या, भोक आपोआप समोर येतं.

बॉडीकडचे रेघेप्रमाणे कसा. जॅक पूर्ण उतरवून इंजिनाचं वजन माउंटवर येऊ द्या, इंजिन हाताने दोन-चारदा पुढेमागे हलवा, आणि मग इंजिनाकडचे कसा. वजन यायच्या आधी कसलं तर रबर पिळलेल्या अवस्थेतच अडकतं. मग ते थरथर अडवत नाही, आणि लवकर फाटतं.

टॉर्क रॉड शेवटी. त्याच्यावर वजन नसतं, त्यामुळे इंजिनाला टेकू लागत नाही. पण जुना निघाला की इंजिन थोडं डुलतं आणि भोक जुळत नाही. कोणाला तरी वरून इंजिन पुढेमागे ढकलायला सांगा, बोल्ट सरकतो. दोन्ही डोळ्यांचे बोल्ट सैल ठेवा, इंजिन मोकळं स्थिरावू द्या, मगच कसा.

कसण्याचं माप गाडीच्या मॅन्युअलमधूनच घ्या. ते मिळेपर्यंत अंदाज म्हणून सांगायचं तर डोक्यावर ८.८ लिहिलेला १० मिमीचा बोल्ट साधारण ४५ ते ५० न्यूटन-मीटर आणि १२ मिमीचा ८० च्या आसपास घेतो. पण आटे अॅल्युमिनियममध्ये असतील तर तेवढं माप चालेलच असं नाही. माप ‘४० न्यूटन-मीटर अधिक ९० अंश’ अशा धर्तीवर दिलेलं असेल तर तो बोल्ट ताणला जाणारा, एकदाच वापरायचा. नवे घ्या. कसून झाल्यावर बोल्टाच्या डोक्यावरून ब्रॅकेटवर मार्करची सरळ रेघ ओढा. ५०० किमीनंतर पुन्हा पाना लावायची गरज नाही, रेघ तुटली का तेवढं बघायचं.

---

रबर_बुश

ज्यांच्या गाडीत इंजिन लांबीच्या दिशेने आहे आणि मागच्या चाकांना ड्राइव्ह आहे, त्यांच्यासाठी थोडक्यात. दोन माउंट इंजिनाच्या दोन अंगांना, तिसरं गिअरबॉक्सखालच्या आडव्या पट्टीवर. इथे माउंट काढायला इंजिन बरंच, कधी ३० ते ५० मिमी, उचलावं लागतं. पंखा इंजिनावर बसवलेला असेल तर आधी रेडिएटरचं आवरण सोडवा, नाहीतर पाती त्यात घुसते. हीटरचे होजपाइपही नजरेखाली ठेवा.

---

तिसरा_गिअर

गॅस्केट, उजवं माउंट, रॉड, तिन्ही झालं. ‘ठक्’ गेला, बंद करतानाचा हिसका गेला, एसीवर स्टिअरिंग शांत. एक नवीनच गोष्ट आली: १,८०० ते २,००० आरपीएमला आत एक गुणगुण येते, जी आधी नव्हती. उभ्या गाडीतही येते.

---

गोटीपाना

उभ्या गाडीतही येते म्हणजे चाकांचा संबंध नाही, इंजिनाचा कंप बॉडीला कुठेतरी थेट पोचतो आहे. बसलेलं उजवं माउंट नवं झाल्यावर इंजिन त्या बाजूला काही मिमी वर आलं. बाकीच्या वस्तू मात्र खाली बसलेल्या इंजिनाला सरावल्या होत्या.

आधी एसीचा अॅल्युमिनियमचा पाइप बघा. बॉडीच्या बाजूला जिथे तो क्लिपमध्ये बसतो तिथे घासतो किंवा टेकतो का? इंजिन १,९०० ला धरून कोणाला तरी आत बसवा, आणि तुम्ही कोरड्या लाकडी काठीने पाइप एकेक करून हलकेच बाजूला दाबा. बेल्टपासून लांब, बाह्या वर. ज्या जागी दाबल्यावर गुणगुण थांबेल ती जागा.

तिथे नाही सापडलं तर सायलेन्सर. त्याची रबरी हँगर एका बाजूला ताणलेली असतील. इंजिन थंड झाल्यावर पुढच्या जोडाचे नट सैल करा, पाइप हाताने हलवून मोकळा बसू द्या, परत कसा. उष्णतेचं पत्र्याचं कवच पाइपला टेकलंय का तेही बघा.

तरीही राहिली तर रॉडचे दोन्ही बोल्ट एक फेरा सैल करा, इंजिन दोन मिनिटं स्लोवर चालवून बंद करा, आणि मग मापाने कसा. बोल्ट अंश मोजून कसायचे असतील तर ते पुन्हा नवे लागतील.

---

आटे_आणि_नट

आणि नव्या माउंटभोवतीची फट पुन्हा मोजा. आधी १२ आणि ३ होती. आता दोन्हीकडे जवळपास सारखी हवी. तीन-चार मिमीपेक्षा जास्त फरक असेल तर बॉडीकडचे बोल्ट सैल करून, वजन जॅकवर घेऊन, माउंट तेवढं सरकवा. गुणगुण ठोकळा एका अंगाला टेकल्यामुळेही येते.

---

तिसरा_गिअर

फट ७ आणि ८. एसीचा पाइप निघाला. बॅटरीमागच्या क्लिपमधलं रबर गळून पडलं होतं आणि पाइप थेट पत्र्याला टेकलेला. काठीने दाबताच आवाज थांबला. क्लिपमध्ये नवं रबर बसवलंय.